घळीतला कौल

चंद्रावतीचं आडनाव कागदावर काहीही असो, खडपीवाड्यात तिला सगळे घळकरीण म्हणूनच ओळखतात. पेडण्याच्या किनाऱ्यावर केरी आणि हरमल यांच्या मधे डोंगर थेट समुद्रात उतरतो, तिथली ही लहानशी वाडी. वाडीखाली वाळूच्या दगडात एक घळ आहे आणि घळीत वाडीचा राखणदार आहे. त्याला देऊळ नाही की मूर्ती नाही. कमरेएवढा उंच, दगडाचा उभारच तो. भोवतालचा दगड समुद्राने खाल्ला आणि हा तेवढा ठेवला. त्याच्यापुढे दिवा लावण्याचा मान ज्या घराचा ते घळकर, आणि त्या घरातही दिवा लावायचा तो बाईमाणसाने. पुरुषाने नारळ ठेवावा, गाऱ्हाणं घालावं, दिव्याला हात लावू नये. असं का, ते कुणालाच सांगता येत नाही. पहिल्यापासून तसंच आहे, म्हणतात.

चंद्रावती मूळची समुद्रकाठची नव्हे. तिचे वडील सावंतवाडीकडून डिचोलीच्या खाणीवर भराईच्या कामाला आले आणि तिथेच खोली बांधून राहिले. तिचं लहानपण तांबड्या धुळीत गेलं. दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढताना पुन्हा झटकावे लागत. दगड म्हणजे फोडायचा, ट्रकात घालायचा आणि नदीवर नेऊन बार्जात ओतायचा, एवढीच तिची दगडाशी ओळख. शांताराम त्याच खाणीवर ट्रक चालवायचा, त्यातून सोयरीक जमली. ती लग्न होऊन खडपीवाड्यात आली तेव्हा विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, हिचे पाय धुतले तर आमची विहीर तांबडी होईल. ‘खाणीवाली’ हे तिचं पहिलं नाव, ‘घळकरीण’ नंतरचं.

सासू जानकी मोजकं बोलणारी. एके दिवशी दुपारी तिने नव्या सुनेच्या हातात तेलाची बाटली दिली, स्वतः वात घेतली, आणि दोघी खडपांवरून उतरून घळीशी गेल्या. घळीचं तोंड बुटकं, वाकून आत शिरावं लागतं. आत गेल्यावर मात्र सरळ उभं राहता येतं. छत पिवळट करड्या रंगाचं, त्यात तिरक्या तिरक्या रेघा, आणि मधेमधे शिंपल्यांचे तुकडे अडकलेले. चंद्रावतीने छताला बोट लावलं तर टोकाला वाळू आली. समुद्राच्या वर हा समुद्राचा तळ कसा टांगला, असं तिला वाटलं. विचारायचं धाडस झालं नाही.

जानकीने तिला तीन गोष्टी शिकवल्या. आत गेल्यावर आधी राखणदाराच्या अंगावरची वाळू तळहाताने उतरवायची, मगच पाणी घालायचं. दिवा लावल्यावर पाठ दाखवून बाहेर पडायचं नाही. आणि समुद्राचा हिशेब तिथीवर ठेवायचा. इतर घरांत दिवा तिन्हीसांजेला लागतो, राखणदाराचा दिवा सुकतीला लागतो, म्हणजे पाणी ओसरलेलं असेल तेव्हा. अमावास्या-पुनवेला सुकती दिवेलागणीच्या सुमारास सापडते, अष्टमीला भर दुपारी. उरलेल्या तिथ्या त्याच्या मधे बसवायच्या. पावसाळ्यात उधाण असलं की घळीच्या तोंडाकडे बघून वरूनच हात जोडायचे.

ते चंद्रावतीने असं अंगात भिनवलं, की पुढे जानकी गेली, खाणी बंद पडल्या, शांतारामने ट्रक विकला, काही वर्षं दारात बसून काढली आणि तोही गेला, पण सुतकाचे आणि उधाणाचे दिवस सोडले तर दिवा चुकला नाही. यात भक्ती होती तशी थोडी जिद्दही होती. खाणीवाली काय देव सांभाळणार, असं जे कुणी म्हणालं होतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणी आता नव्हत्या. तरी त्यांना उत्तर देणं चालूच होतं.

मुलगा सुदेश तुयेला कारखान्यात लागला. त्याची बायको सुविधा वाळपईची. जंगलातली मुलगी. लाट फुटली की ती अजून दचकते. दिव्याचं चंद्रावतीने तिला घाईने सांगितलं नाही. नातू शाळेत जायला लागला, आपले गुडघे खडपांवर कुरकुरायला लागले, तेव्हा म्हणाली, आजपासून माझ्याबरोबर येत जा. सुविधा “बरं आई” म्हणाली. सुविधा सगळ्याला “बरं आई”च म्हणते. त्यात होकार किती आणि नाइलाज किती, हे चंद्रावतीला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिने कधी विचारलंही नाही.

गेल्या चैत्रात एका दुपारी सुविधा दिव्यात तेल घालत होती. चंद्रावती मागे उभी होती. वरून कपची सुटली. फार मोठी नव्हती, जेवायला बसायच्या पाटाएवढी असेल. सुविधाच्या खांद्याला घासून ती खाली पडली आणि तिची जागच्या जागी वाळू झाली. सुविधाने वात पुढे सारली, दिवा लावला, रिवाजाप्रमाणे तोंड आत ठेवून मागे मागे सरकत बाहेर आली. घरी आल्यावर तिने खांद्याला हळद लावली. सुदेशने विचारलं तेव्हा जनेलाचं, खिडकीचं दार लागलं म्हणाली. चंद्रावती चुलीपाशी बसून ते ऐकत होती. तिने खोटं पाडलं नाही.

त्या दिवसापासून तिची झोप गेली. आजवर वाळू पडायची, ती पिठासारखी. आता तुकडे पडत होते.

थंडीत अश्विनी आली. ती पणजीकडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. मुलांना घेऊन किनाऱ्यावर आली होती आणि घळ बघायची म्हणून चंद्रावतीच्या अंगणात परवानगी मागायला उभी राहिली. बोलता बोलता निघालं की मुलगी डिचोलीची. मग काय, चंद्रावतीने तिला कदेलवर, घरातल्या एकुलत्या खुर्चीवर बसवलं, पोह्यांची बशी पुढे केली, आणि बाजारातलं कुठलं दुकान आहे नि कुठलं मोडलं ते सगळं विचारून घेतलं. माहेरचं माणूस म्हणून जे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं ते अश्विनीला विचारलं. हा दगड आहे तरी काय?

अश्विनीने सोपं करून सांगितलं. शाळेच्या पुस्तकात वालुकाश्म म्हणतात तो हा. फार पूर्वी समुद्राचं पाणी आजच्यापेक्षा वर होतं, तेव्हाची ही पुळण. शिंपल्यांचा चुना पावसाच्या पाण्यात विरघळला, वाळूच्या कणांमधे जाऊन बसला आणि वाळूचा दगड झाला. पुढे समुद्रानेच तो कोरून घळ केली. आता वरच्या सड्यावरून, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावरून, चिऱ्याच्या दगडातून पाणी झिरपतं ते तोच चुना परत धुऊन नेतं. शिवाय उन्हाळ्यात खारं पाणी कणांमधे सुकतं, त्याचं मीठ फुगतं आणि कण बाहेर ढकलतं. म्हणजे ज्याने बांधलं तेच सोडवतंय. चंद्रावतीला यात नवल वाटलं नाही. देवाचं असंच असतं, असं ती म्हणाली.

“पण मावशी, छताला आत लांब भेग गेली आहे,” अश्विनी म्हणाली. “कधी पडेल ते मला सांगता यायचं नाही. दहा वर्षं काही होणार नाही, किंवा येत्या पावसाळ्यातच होईल. तुमच्या जागी मी असते तर आत कमी थांबले असते.”

जाऊ नका असं ती म्हणाली नाही, हे चंद्रावतीला आवडलं. पण बरोबर आलेल्या मुलांनी भेगेचे फोटो काढले होते, आणि ते फोटो आठवडा व्हायच्या आत वाडीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचले.

मग वाडीतल्या देवळात बैठक बसली. सड्यावर वाहनं लावायची जागा आहे, तिथे गोपाळची चहा-शहाळ्यांची टपरी आहे. गोपाळचं म्हणणं, वर एक चांगली घुमटी बांधू, राखणदाराला कापून वर आणू, म्हणजे म्हाताऱ्यांनाही दर्शन होईल. म्हाताऱ्यांबरोबर गिऱ्हाईकही होईल, असं कुणीतरी मागून बोललं आणि लोक हसले. दुसरी बाजू म्हणाली, राखणदाराला तुम्ही बसवला नाही, तर उठवणारे तुम्ही कोण? शेवटी सुदेश म्हणाला, देव कुठेही असो, आमच्या घरातलं माणूस त्या छताखाली जाणार त्याचं काय? त्यावर बाबली म्हणाला, त्याचं उत्तर देवच देईल, कौल लावू.

बाबली हा शांतारामचा धाकटा चुलतभाऊ. वाडीचं गाऱ्हाणं तोच घालतो. चंद्रावती त्याला भावोजी म्हणते, तो तिला वयनी म्हणतो, आणि दोघांची एकमेकांना टोचायची सवय जुनी आहे. कौलाची रीत अशी, की राखणदाराच्या दोन्ही अंगांना पिटकोळीच्या लाल पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, बाबलीने प्रश्न घालायचा, उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दगड पुसायचा आणि पाकळ्या लावायच्या त्या मात्र दिव्याच्या बाईने.

बायका बैठकीत बोलत नाहीत असं नाही, चंद्रावतीही एरवी बोलते. पण त्या दिवशी तिला बोलता आलं नाही. राखणदार हलू नये असं तिला मनापासून वाटत होतं. कापून, जीपमधे घालून वर नेलेला देव तिला डोळ्यांपुढे आणवत नव्हता. तो आत राहिला, तर तिच्यामागे सुविधा आत जाणार. ‘माझी सून येणार नाही’ एवढं एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं. पण घळकरांच्या घरात सासूने सुनेच्या हाती दिवा दिला नाही असं कधी झालं नव्हतं, आणि जे कधी झालं नाही ते खाणीवालीने करावं, हे तिच्या जिभेवर येईना. तिला वाटलं, देवच म्हणाला की मी इथून जातो, तर कुणालाच काही म्हणावं लागणार नाही.

कौलाला माघातली अष्टमी धरली, म्हणजे सुकती दुपारी सापडणार. चंद्रावती आणि सुविधा बाकीच्यांच्या आधी उतरल्या. सुविधा बाल्दीत पाणी घेऊन तोंडाशी थांबली. चंद्रावती आत गेली. राखणदाराच्या अंगावर रात्रीची वाळू बसली होती, नेहमीसारखी. तिने उजव्या अंगावर तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत, दगड गुळगुळीत लागेपर्यंत. मग हात थांबला.

बाबलीचा प्रश्न तिला माहीत होता. तो नेहमी चालत आलेल्या गोष्टीवरूनच विचारतो: आहे तसं चालू दे काय म्हाराजा, मानलं तर उजवी दे. विहिरीच्या वेळी तसंच, जत्रेच्या वेळी तसंच. म्हणजे आजही तो विचारणार, इथेच राहतोस काय. डावी पडली की देव नाही म्हणाला. आणि वाळू न काढता पाकळी लावली की ती दगडाला नाही, वाळूला चिकटते, आणि वाळू किती वेळ धरणार?

डाव्या अंगावर तिने हात फिरवला नाही. मी काही केलं नाही, असं ती स्वतःला म्हणाली. एक गोष्ट केली नाही, एवढंच. मग तिने बाल्दी मागून घेतली, डावीकडे पाणी जपून शिंपडलं आणि पाकळ्या लावल्या.

माणसं जमली. घळीत मावतील तेवढी आत, बाकीची तोंडाशी वाकून. बाबलीने नारळ आणि तांदळाच्या पिठाचा रोट पुढे ठेवला, विडी पेटवून दगडाशी लावली आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. वाडीचं, सीमेचं, खाडीचं, दर्याचं, सगळ्यांचं नाव घेऊन झालं. प्रत्येक वाक्याला मागून “व्हय म्हाराजा” येत होतं. आणि मग तो म्हणाला,

“बा देवा म्हाराजा, तुजी लेकरां तुका सड्यार घुमटी बांदतत. तुका हयसून वर येवचां आसात तर उजवी दी. येवचां नसात तर डावी दी.”

चंद्रावतीला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने नकळत हात पुढे केला, पण तेवढ्यात डावीकडची वरची पाकळी सुटली. तिच्या मागून दुसरी. “व्हय म्हाराजा” म्हणायलाही लोकांना वेळ मिळाला नाही. उजवीकडच्या साऱ्या जागच्या जागी घट्ट होत्या.

राखणदार उठायला तयार नाही, हे इतकं लख्ख कधी कुणी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी हात जोडले. गोपाळनेसुद्धा कानाच्या पाळ्या धरल्या. चंद्रावती दगडाकडे बघत राहिली. तिने डाव टाकला होता आणि तो तिच्यावरच उलटला होता. उलटवला बाबलीने, की बाबलीच्या तोंडून आणखी कुणी, हे विचारायला ती धजली नाही. एवढं मात्र तिला समजलं, की आपलं बोलणं देवाच्या तोंडी घालायला आपण गेलो आणि देवाने त्याचं स्वतःचं ते सांगून टाकलं.

बाबली खुशीत होता. “चला, वयनी, सुटलाव. कौल साफ लागलो. आता सगळ्यांसमोर सुनेच्या हातात दिवो दी, म्हणजे तांय काम झालां.”

सुविधा पुढे आली. तिने पदर खांद्यावरून घेतला आणि दोन्ही हात पुढे केले. तोंडावर तेच, बरं आई. वर भेग होती, आणि सगळ्यांचं लक्ष खाली होतं. चंद्रावतीने दिवा उचलला, पण दिला नाही.

“सुविधा आत येवची नाय,” ती म्हणाली.

बाबलीला वाटलं, आज मुहूर्त नाही असं काही असेल. मग उद्या दे, म्हणाला.

“उद्या नाय. कदीच नाय.”

“वयनी, आता देवान सांगल्यान मां, तो हयच रवतलो म्हणान.”

“देवान आपलां सांगल्यान. तो रवतलो,” चंद्रावती म्हणाली. “आमच्या घराचां मी सांगतंय.”

मग कुणीतरी विचारलं, तुझ्यामागे दिवा कोण लावणार. ती म्हणाली, मला चालवतंय तोवर मी येईन, आणि त्यानंतर दिवा घळीच्या तोंडाशी बाहेर लागेल. बाहेर वारा किती असतो, दिवा राहील का, असं बाबलीने विचारलं. राहिला तर राहिला, ती म्हणाली, आणि विझला तर परत लावता येतो. जानकी असती तर काय म्हणाली असती, असं एक म्हातारी पुटपुटली. चंद्रावतीने तिलाही उत्तर दिलं, की तिच्या वेळी वाळू पडायची, आता दगड पडतात, आणि चैत्रात एक सुविधाच्या खांद्यावर पडला होता. सुदेश तोंडाशी वाकून उभा होता. त्याने बायकोकडे पाहिलं. सुविधा पायांकडे बघत होती.

भरती धरायला लागली तशी माणसं निघाली. वर चढताना बाबली मुद्दाम मागे राहिला.

“वयनी, डावी इतकी बेगीन कशी गे पडली?”

“तू असां उरफाटां कित्याक विचारलंस?”

बाबलीने चालता चालता मान वळवून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. गोपाळने सांगितलं म्हणून, असं तो म्हणाला. घुमटीचं नाव आधी घे, देवाच्या कानावर ते आधी पडू दे, असं गोपाळ म्हणाला होता. मग स्वतःशीच हसला आणि पुढे काही विचारलं नाही. त्याने ते कुणाला सांगितलंही नाही. पण पुढल्या कौलाला दगडावर हात फिरवून घेतल्याशिवाय तो गाऱ्हाण्याला उभा राहणार नाही, हे चंद्रावतीला ठाऊक आहे.

घरी आल्यावर सुविधाने तांदूळ धुतले, भात चुलीवर ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, “आई, मला खूप भय वाटायचं तिथे.”

“मग म्हणाली नाहीस ती?”

“तुम्ही तरी कुठे म्हणालात?”

चंद्रावतीने कोयता घेतला आणि नारळ फोडायला बसली.

अजून ती सुकती धरून रोज जाते. आत शिरते, वाळू उतरवते, दोन्ही अंगांची, दिवा लावते आणि पूर्वीसारखं बसून न राहता निघते. सुविधा घळीबाहेर उन्हात उभी असते. लाट फुटली की दचकते, तरी येते. आत फार वेळ शांत वाटलं की ती “आई” म्हणून हाक मारते, आणि आतून ओ आली की गप्प होते.